अठ्ठावीस अंशांवरचा थांबा

वीस अंश

दिगंबर डोर्लेकर वीस अंशांवर निजला होता आणि त्याच्या पायाशी उभी राहून त्याची धाकटी बहीण प्रणाली सामंतांना शिव्या देत होती. मनातल्या मनात. तोंडाने ती नुसतं 'सर' म्हणत होती, आणि त्या 'सर'चाच तिला इतका संताप येत होता की आवळून आवळून तिच्या दाढा ठणकायला लागल्या होत्या.

"सर, मी एप्रिलपासून तुम्हाला लिहितेय."

"आणि मी एप्रिलपासून वाचतोय, मॅडम," सामंत म्हणाले. "चहा सांगू? आत गारठा फार आहे."

आशुतोष सामंत म्हणजे विश्राम मरीन कंपनीचे काळसई बंदरावरचे मॅनेजर. माणूस गोड. इतका गोड, की आपलं काम झालं नाही हे त्यांना भेटून निघालेल्या माणसाला फाटकापाशी पोचल्यावर कळायचं.

गारठा असणारच. ही जागा म्हणजे बंदरातलं कोल्ड स्टोरेज. दहा महिने इथे सुरमई आणि कोळंबी. जून-जुलैत मासेमारीला बंदी, म्हणून कोल्ड स्टोरेज रिकामं. रिकामी जागा कंपनीच्या डोळ्यांत खुपते. दोन वर्षांपूर्वी तिने मासळीच्या फळ्या काढून खाटा मांडल्या, खाटांवर थंड पाणी खेळवणाऱ्या गाद्या घातल्या आणि गाद्यांवर माणसं. वास मात्र गेला नाही. पावणेदोनशे खलाशी आणि होड्या चालवणारे तांडेल त्या वासात जून लागला की झोपायचे आणि ऑगस्ट लागला की उठायचे.

"बंदीत खलाशी पळतो," उद्घाटनाच्या भाषणात सामंत म्हणाले होते. "कोणी गोव्यात भांडी घासायला जातो, कोणी दुसऱ्या बंदरात बोटीवर चढतो. झोपलेला खलाशी पळत नाही!" लोक हसले होते. मंचावर प्रणालीही होती, तिच्याही गळ्यात हार होता, पण ती काही हसली नव्ह—

नाही. हसली होती.

पत्रक

'ना काम, ना दारू, ना भांडण! एक जूनला डोळे मिटा, एक ऑगस्टला उघडा. अर्धा पगार घरपोच. शास्त्रशुद्ध भारतीय संशोधन.'

या पत्रकावर प्रणालीने पेनाने आडवा एकच शब्द लिहून ते सामंतांना परत पाठवलं होतं. तो शब्द इथे छापता येत नाही.

आता शास्त्र, कारण त्यावाचून तिचा राग समजायचा नाही

पेशी म्हणजे रस भरलेली पिशवी नव्हे. तिच्या आत पोकळ नळ्यांचा सांगाडा असतो. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. त्यांच्यावर पेशी आकार धरते आणि त्यांच्यावरूनच तिची मालवाहतूक चालते. मेंदूच्या पेशीत या नळ्या लांबच लांब. बांबूंचा मांडव सुंभाने बांधतात, तशा त्या बांधून ठेवणारं एक प्रथिन आहे, टाऊ नावाचं.

सुंभाची गाठ सोडायला पेशीकडे एक साधी युक्ती आहे. एक विकर, म्हणजे एन्झाइम, येतं आणि टाऊवर ठरलेल्या जागी फॉस्फेटचा कण डकवतं. फॉस्फेटवर ऋण भार असतो. तो आला की टाऊला नळी धरून राहता येत नाही. गाठ सुटते, नळ्या सैलावतात, पेशी आपल्या फांद्या आत ओढून घेते आणि मेंदू मुका होतो. मग दुसरं विकर येतं, फॉस्फेट काढून टाकतं. गाठ पुन्हा पक्की.

एक डकवणारं. एक काढणारं. बस.

यीस्टमध्ये प्रथिन दुसरं, युक्ती हीच. बेडकाच्या अंड्यात पेशी दुभंगायच्या वेळी हीच. हॅम्स्टर थंडीत महिनोन् महिने झोपतो तेव्हा त्याच्या मेंदूभर फॉस्फेट चढतं. जागा होताना ते झाडून सगळं उतरतं, फांद्या पुन्हा फुटतात आणि त्याला आपलं बीळ आठवतं. ज्या जागांवर हॅम्स्टरमध्ये फॉस्फेट चढतं, त्या जागा माणसाच्या टाऊवरही आहेत. युगं उलटली, प्राण्यांना शेपट्या फुटल्या, झडल्या, निसर्गाने त्या जागांना हात लावला नाही.

फक्त माणूस थंडीत झोपत नाही. त्याच्याकडे चढवायची सोय आहे, उतरवायची सवय नाही. फॉस्फेट चढलेलंच राहिलं, तर नळीवरून सुटलेलं टाऊ एकमेकांत गुंतत जातं. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या मेंदूत हेच गुंते सापडतात.

प्रणालीने पुण्याच्या प्रयोगशाळेत हॅम्स्टरची ही कळ शोधली, ती दाबणारं औषध बनवलं आणि कधीही न झोपणाऱ्या उंदरांना झोपवून सुखरूप उठवलं. मग माणसांना. अपघातात रक्त वाहून चाललेल्या माणसाला डॉक्टर येईपर्यंत थोपवून धरता यावं, एवढंच तिच्या मनात होतं. संस्थेने हक्क विकले. कोणाला विकले, हे तिला वर्तमानपत्रातून कळलं.

उंट

मार्चमध्ये सुचिता वहिनी पुण्याला आली. दिगंबरची बायको, काळसईच्या बाजारात मासे विकते, उभ्या जन्मात पुण्याला आली नव्हती. दारातून आत येता येताच तिने सुरुवात केली.

"झोपेतून उठल्यावर कंपनी परीक्षा घेते ना, तीत तुझा दादा पहिल्या नंबराने पास झाला म्हणे. कागद दाखवतात मला! आज वार कोणता, सांगितलान. शंभरातून सात काढ, काढलेन. हे चित्र कशाचं, तर उंटाचं. बरोबर! आता काळसईत उंट कधी आला होता गो?"

"वहिनी, बस तरी."

"बसायला नाही आले मी. पिराची टेकडी आणि देवळाचा कळस एका रेघेत दिसले की होडी दर्याकडे काढायची, नाहीतर पाण्याखाली खडप, नुसते खडक. हे तुझ्या आबांनी त्याला लहानपणी मानगूट धरून शिकवलेलं. खडपाजवळ तो त्या वाट दाखवणाऱ्या यंत्राकडे बघत पण नाही, अपमान वाटतो त्याला. ऑक्टोबरात सरळ खडपावर घातलीन होडी! माणसं वाचली ती नशीब. मी म्हटलं, खुणा नाही बघितल्यास? तर मला विचारतो, कसल्या खुणा?"

मग ती एकदम बसली. खुर्चीवर नाही, खाली.

"कसल्या खुणा, म्हणाला. मस्करी नव्हती ती. मस्करी मला कळते त्याची."

रात्रभर

प्रयोगशाळेत 'रात्रभर' या शब्दाला अर्थ नसतो. म्हणजे असतो, पण तो शास्त्राचा नसतो. 'मिश्रण रात्रभर ठेवावे' म्हणजे, सहा वाजले, आम्ही घरी चाललो. हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून घाईतला माणूस कृती वाचताना ती ओळ सगळ्यात आधी उडवतो.

प्रणालीच्या शोधनिबंधात लिहिलं होतं: 'उंदीर अठ्ठावीस अंशांवर रात्रभर ठेवून नंतर सदतीसवर आणले.' अठ्ठावीस का? यीस्ट वाढवायची खोली अठ्ठावीसवर असायची आणि ती मोकळी होती. रात्रभर का? शेवटची बस. एवढंच. तिचे उंदीर शहाणेसुरते उठायचे आणि आपली कृती बरोबर आहे असं ती समजायची. कंपनीने पहिल्या वर्षी ती ओळ पाळली. दुसऱ्या वर्षी एका हुशार इंजिनिअरने ती वाचली, ओळखली आणि उडवली.

वहिनी परत गेल्यावर प्रणालीने तेच केलं. ती रात्र काढून टाकली, उंदीर थेट सदतीसवर आणले. उंदीर उठले, खाल्लं, धावले. पण गढूळ पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला जे आधी शिकले होते, ते आता गोल गोल पोहत राहिले. मेंदू तपासले. टाऊच्या एका जागेवर फॉस्फेट तसंच.

झटकन तापवलं की डकवणारं विकर आधी जागं होतं, काढणारं मागाहून. अठ्ठावीसच्या आसपास उलट: काढणारं कामाला लागलेलं, डकवणारं अजून पेंगत. तिथे थांबलं तरच सफाई पुरी होते. उंदराला एक रात्र. माणसाला, तिच्या अंदाजाने, दोन दिवस.

आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध तिच्या हाताला लागला होता आणि तिने तो बसच्या वेळापत्रकासारखा लिहून टाकला होता. तिने सामंतांना लिहिलं. कंपनीच्या मुख्य कचेरीला लिहिलं. मेमध्ये दादाला फोन केला, या वर्षी झोपू नकोस म्हणून. "मी काय तुझा उंदीर आहे?" दादा म्हणाला, आणि एक जूनला जाऊन खाटेवर आडवा झाला.

वीस अंश, पण आता शेवटचे

"बारा वाजता बॉयलर पेटेल," सामंत म्हणाले. आज एकतीस जुलै होती. "संध्याकाळी सगळे सदतीसवर. पहाटे होड्या बाहेर."

"अठ्ठावीसवर दोन दिवस थांबा. मी हात जोडते."

"तुमच्याच निबंधात 'रात्रभर' आहे, मॅडम. आता दोन दिवस झाले. उद्या आठवडा म्हणाल. बंदी उठल्यावर कोळंबी तुमच्या प्रथिनासाठी थांबून राहणार आहे का?"

"माणसांची डोकी जातायत, सर!"

"कोणाची? नाव सांगा. गेल्या वर्षी झाडून सगळे पास झालेत."

"तुमच्या परीक्षेत समुद्र कुठे आहे?"

सामंतांनी तिच्याकडे वळून बघितलं. त्यांना समजलं होतं. तिने ते त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ बघितलं आणि त्यामुळेच पुढचं वाक्य तिला जन्मभर विसरता येणार नव्हतं.

"असं करू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमच्या भावाची गादी वेगळ्या पाइपवर घेतो. त्याला हवा तेवढा वेळ द्या. माणुसकी म्हणून."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांच्या बहिणी पुण्यात नसतात, मॅडम."

एकवीस अंश

बॉयलर पेटला होता. वहिनी कोल्ड स्टोरेजच्या पडवीत उभी होती. पलीकडे फाटकाशी बायका जमलेल्या, नवऱ्यांचे, मुलांचे धुतलेले कपडे पिशव्यांत घेऊन.

प्रणालीने सगळं सांगितलं. वहिनीने ऐकलं आणि म्हणाली, "घे."

"वहिनी, आत पावणेदोनशे माणसं आहेत."

"माझा एकच आहे."

"या बायकांना काय सांगणारेस? रोज त्यांच्याशेजारी पाटी मांडून बसतेस ना?"

"ते माझं मी बघीन. तू मला शिकवू नकोस. तुझ्या त्या उंदरांवर तू मोठी झालीस, गळ्यात हार घालून घेतलास, आणि आता धरमाच्या गोष्टी माझ्या नवऱ्याच्या जिवावर? त्याचं आधीच गेलंय थोडं. आणखी गेलं तर कोण निस्तरणार? तू? तू शनिवारी फोन करशील."

"वहिनी—"

"घे म्हणते ना!"

प्रणालीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याहून जास्त राग याचा आला की वहिनीने 'घे' म्हणावं याचीच ती वाट बघत होती. आत जाऊन तिने सामंतांना सांगितलं. फिटर आला. दिगंबरच्या गादीची नळी सुटली, वेगळ्या टाकीला लागली. फिटर सावकाश काम करणारा होता. तेवढ्या वेळात बाकीच्या खाटांवरच्या तापमानाच्या पाट्यांवर तेवीस आकडा उमटला होता.

चोवीस अंश (दिगंबर सोडून)

ती पुन्हा पडवीत आली तेव्हा वहिनी बायकांत जाऊन बसली होती आणि भागीरथीकाकी तिला विचारत होती, "काय गो, काय म्हणतात? कधी उठवतात?" भागीरथीकाकीचा मुलगा रोशन दिगंबरच्याच होडीवर खलाशी. काकीच्या मांडीवर त्याचा नवाकोरा टीशर्ट.

"तुमचे आज संध्याकाळी," वहिनी म्हणाली. "माझा परवा."

"का? त्याला काय राजाची झोप लागली?"

बायका हसल्या. वहिनीला तेवढंच हसून गप्प बसता आलं असतं. प्रणाली लांबून बघत होती. तिला वाटलं, बसेल गप्प. वहिनीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"हळू उठवला तर डोकं शाबूत राहतं. झटकन उठवला तर थोडं थोडं जातं. म्हणून माझा हळू उठवतायत."

"आणि आमचे?"

"तुमचे..." वहिनीने पदराने तोंड पुसलं. "तुमच्यांचं विचारलं नाही मी. माझं मिळालं, मी गप्प बसले. आता मार मला."

भागीरथीकाकीने खरोखरच मारलं. पाठीत, मोठा आवाज झाला. मग ती उठली, आणि तिच्यामागे फाटकाशी बसलेली प्रत्येक बाई उठली.

राखणदार दोघे होते. ते बाजूला झाले. ड्युटीवरच्या नर्सही बाजूला झाल्या. एकीचा मामा आत झोपलेला होता.

सव्वीस अंश

बॉयलरच्या खोलीत एक मोठा कॉक आहे. तो फिरवला की सगळ्या गाद्यांचं गरम पाणी बंद. भागीरथीकाकी कॉकवर दोन्ही हात ठेवून उभी होती.

"काकी, थांबा!" प्रणाली ओरडली. "आत्ता बंद करू नका. सव्वीस झालेत. अठ्ठावीस होऊ देत, मग बंद करायचा आणि थोडं थोडं सोडत राहायचं. आत्ता बंद केलात तर ते मध्येच अडकतील."

"तू गप. तू त्यांच्यातली."

"काकी, मी शोधलंय हे."

"म्हणून तर!" काकीचे डोळे लाल झाले होते. "तू शोधलंस, तू झोपवलंस, आणि उठवायची वेळ आली तेव्हा तुझा भाऊ वेगळा काढलास. आता आम्हाला सांगतेस आधी तापव, मग थांबव? कशावरून? हे तापवायचंच निमित्त कशावरून नाही?"

कॉक बंद. प्रणालीने हात घातला, दोघींनी तिला मागे ओढलं. कोणीतरी म्हणालं, उघडा, तापू द्या, लवकर उठतील. कोणीतरी म्हणालं, बंदच ठेवा. कॉक उघडला. बंद झाला. पुन्हा पुरता उघडला. सामंत दारात येऊन पोलिसांना फोन करत होते आणि गोड बोलत होते, फोनवरही. प्रणाली घसा फोडून आकडे सांगत होती आणि तिचं म्हणणं खरं मानायला त्या खोलीत एकाही माणसाला काही कारण नव्हतं.

हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती ओरडायची थांबली.

ती हॉलमध्ये गेली. दादाच्या खाटेशी वाकली आणि फिटरने आवळलेली नळी तिने हातांनी सोडवायला घेतली. नळी निघेना. मागून वहिनी आली. काय चाललंय ते तिने बघितलं. प्रणालीला वाटलं, आता ही माझे केस धरणार.

"सरक," वहिनी म्हणाली. "तुझ्या हातात जोर नाही." आणि तिने नळी ओढून काढली, सगळ्यांच्या पाइपाला लावली आणि बॉयलरच्या दिशेला तोंड करून ओरडली: "भागीरथे! माझा पण तुमच्यात घातला! आता ती सांगते तसं करा, नायतर सगळ्यांचे एकदम मरू देत!"

खोलीतला कालवा बसला. भागीरथीकाकीने कॉक धरला आणि पहिल्यांदाच प्रणालीकडे बघितलं.

"सांग," ती म्हणाली. "किती फिरवू?"

अठ्ठावीस

एक खाट सोडून.

बॉयलरच्या भिंतीला लागून रोशनची खाट होती. भिंतीची ऊब मिळेल म्हणून काकीने ती जूनमध्ये सांगून मागून घेतली होती. कॉकच्या ओढाताणीत बाकीच्या खाटा रेंगाळल्या आणि भिंतीकडची पुढे पळाली. प्रणाली तिथे पोचली तेव्हा रोशनच्या पाटीवर तेहेतीस होते. दिगंबरची नळी बदलायला गेलेला अर्धा तास आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवेना तो वेळ, दोन्ही त्या आकड्यात होते. तिने थंड पाण्याने त्याला अठ्ठावीसवर आणलं. आकडा खाली येतो. डकवलं गेलं ते येतंच असं नाही.

"काय झालं गो?" काकीने विचारलं.

"थोडा जास्त तापला. आणला खाली."

"मग बरं," काकी म्हणाली.

अठ्ठावीस

पोलीस आले. इन्स्पेक्टरने विचारलं, माणसं जिवंत आहेत ना? आहेत. कोणी कोणाला मारलंय? मी हिला मारलंय, भागीरथीकाकी म्हणाली, आणि वहिनी म्हणाली, माझी तक्रार नाही. इन्स्पेक्टर सामंतांना म्हणाला, दोन दिवस हळू उठवलं तर तुमचं काय बिघडतं? सामंतांनी काय बिघडतं ते सांगितलं. कोळंबी या शब्दावर बायकांतून अशी काही शिवी आली की इन्स्पेक्टरने टोपी काढून कपाळ पुसलं आणि तो पडवीत खुर्ची टाकून बसला.

अठ्ठावीस

"गेल्या वर्षी गेलं ते?" वहिनीने विचारलं.

"ते नाही येणार."

"खोटं बोलायला येत नाही का गो तुला? जरा तरी?"

अठ्ठावीस

कंपनीचं पत्र आलं. आत झोपलेल्या सगळ्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. प्रणालीने ते वाचलं आणि बॉयलरमध्ये घातलं. मग तिला वाटलं, हेही मी त्यांना न विचारताच केलं.

अठ्ठावीस

मेंदूत काय चाललंय ते बघायला तिच्याकडे काहीही नव्हतं. रक्तात दिसत नाही, श्वासात दिसत नाही. उठल्याशिवाय कळणार नाही. ती खाटाखाटांतून फिरत राहिली आणि रोशनच्या खाटेपाशी दर वेळी जरा जास्त थांबत राहिली.

सदतीस

दिगंबरने डोळे उघडले, छत बघितलं, बायको बघितली, बहीण बघितली.

"तारीख?"

"दोन," प्रणाली म्हणाली. "दोन ऑगस्ट, संध्याकाळ."

तो उठून बसायला धडपडला. "होड्या?"

"धक्क्यावरच आहेत."

"कोणी अडवल्या?"

"मी."

दिगंबर खाटेच्या कडेला हात रोवून बसला. मग त्याचा आवाज हळूहळू वर चढू लागला. "तू. मेमध्ये मी तुला काय सांगितलं होतं? उंदीर नाही म्हटलं होतं ना? माझं डोकं जातंय हे मला कळत नाही असं वाटतं तुला? खडपावर होडी मी घातली, तू नाही! मला कळत होतं आणि तरी मी झोपलो, कारण न झोपणाऱ्याला कंपनी होडी देत नाही, आणि होडी हवी होती मला, होडी! ती घेऊन मी खुणा परत शोधल्या असत्या, एकेक दगड शोधला असता! ते माझं मी ठरवलं होतं. तुझं हे जन्मापासूनचं. माझा पोपट सोडून दिलास. मोकळा करते म्हणालीस. मोकळा! सुर्व्यांच्या काण्या मांजराने खाल्लान त्याला केळीखाली, हिरवी पिसं मी गोळा केली, तू आत खीर खात होतीस. विचारलं होतंस मला? एकदा तरी विचारलंस?"

प्रणालीला पोपट आठवत नव्हता. मांजर आठवत नव्हतं, खीर तर नाहीच. ती हुंदके देत होती आणि हसत होती आणि त्याचं एकूण एक म्हणणं बरोबर होतं.

"बोल," वहिनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली. "बोल अजून."

"सोड! तू पण तिच्यातलीच!"

हॉलभर आवाज चढत होते. कोणाला भूक लागली होती, कोणाला लघवीला जायचं होतं, कोण पगार विचारत होतं, कोण बायकोला म्हणत होतं, हा शर्ट कशाला आणलास, याची कॉलर टोचते तुला माहीत नाही? बायका रडत होत्या आणि उलट भांडत होत्या.

भिंतीकडून आवाज येत नव्हता.

रोशन उठून बसला होता. आईने दिलेला टीशर्ट त्याने घातला होता, घडी न मोडता, नीट. भागीरथीकाकी त्याच्या पुढ्यात उभी होती.

"तुला निळा आवडत नाही ना रे?" ती विचारत होती. "मुद्दाम निळा आणला. फेकशील म्हणून."

"छान आहे," रोशन म्हणाला. "थँक्यू."

"फेक ना मग! शिवी दे! मला मेली म्हण, नेहमी म्हणतोस तसं. एक तरी दे रे."

रोशन तिच्याकडे बघून अदबीने हसला. पाहुण्याकडे बघून हसतात तसा.

दिगंबरचं ओरडणं तुटलं होतं. त्याने भिंतीकडे बघितलं, मग प्रणालीकडे. तिने मान खाली घातली आणि त्याला कळलं. तो खाटेवरून उतरला. पायात जोर नव्हता, वहिनीने त्याला धरला. धरत धरत तो रोशनपर्यंत पोचला, त्याचा दंड पकडला आणि तांडेल भर दर्यात खलाशावर ओरडतो तसा ओरडला:

"ए रोशन! भाड्या, बसून काय राहिलास? जाळं काय तुझा बाप ओढणार? ऊठ! मला एक शिवी दे, मग ऊठ! रोज देतोस ना पाठीमागे, ती तोंडावर दे!"

रोशन चटकन उभा राहिला. त्याने टीशर्टच्या बाह्या सारख्या केल्या.

"हो, साहेब," तो म्हणाला.